मुकी जागा

ता. ४, मंगळवार

आज कमिटीत शब्द देऊन बसलो. आता मागे घेता येत नाही.

सर जाऊन दोन महिने झाले. सर म्हणजे आमच्या क्लबच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. सहा-सहा फुटी मुली मान खाली घालून त्यांचं ऐकायच्या, आणि ते म्हणायचे, "बघ, सगळ्या मला नमस्कार करतात." त्यांच्या आठवणीसाठी येत्या तेवीस तारखेला, रविवारी, जुन्या आणि नव्या मुलींचा सामना ठेवायचा असं ठरलं. इथपर्यंत सगळे गोड होते. मग सेक्रेटरीनं घसा साफ केला. या माणसानं घसा साफ केला की समजावं, कुणाचं तरी काहीतरी जाणार.

म्हणाला, हॉलची लाकडी जमीन आता म्हातारी झाली. ती उपटून खाली सिमेंट आणि वर प्लॅस्टिकची चादर टाकायला एक कंपनी तयार आहे. सामन्याच्या आधीच उरकून घेऊ.

ती जमीन मी घातली आहे. फळी फळी मी गुडघ्यावर बसून ठोकली आणि सर डोक्याशी उभे राहून चुका काढत होते. त्या हॉलमध्ये मी आधी झाडूवाला म्हणून लागलो होतो. आज या शहरातल्या निम्म्या हॉलच्या जमिनी माझ्या हातच्या आहेत, पण पहिली तीच. मी उठून म्हणालो, "मला सामन्यापर्यंत वेळ द्या. सगळी जमीन दुरुस्त करतो. त्यानंतर कुठेही चेंडू मेला, टप्पा खाऊन उठला नाही, तर चादर टाका. पहिली फळी मीच उपटून देईन."

सेक्रेटरी काहीतरी पुटपुटला. मी म्हणालो, "अर्थातच." सगळे हसले. मला वाटलं बाजी मारली. गाडीत थोरली मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी विचारलं होतं की तुमच्यानंतर या जमिनीकडे कोण बघणार."

कमिटीवाल्यांची ही खोडच आहे, टेबलावरच्या कागदांशी बोलतात. सर असताना हा त्रास नव्हता. त्यांची मास्तरकीची सवय, कुणी काही बोललं की माझ्याकडे वळून तेच परत सांगायचे, "म्हणजे सेक्रेटरी म्हणतायत की..." मी चिडवायचो, "सर, तुमच्यापुढे वर्ग बसलेला नाही." ते म्हणायचे, "एक विद्यार्थी आहे ना."

सामन्याआधी सरांच्या आठवणी सांगायला मला पाच मिनिटं दिली आहेत.

ता. ६, गुरुवार

काम सुरू केलं. मी, मिस्त्री आणि त्याची दोन माणसं. मिस्त्री माझ्याकडे पहिल्या कामापासून आहे. त्याचं तोंड रंध्यासारखं चालतं, समोरच्याची साल काढतो, पण हात सोन्याचा.

थोरली म्हणते, भाषणासाठी आठवणी आताच लिहून ठेवा, ऐन वेळी तुम्ही विनोद सांगत सुटता. म्हणून पहिली आठवण.

लाकडी जमिनीच्या फळ्यांखाली रिपा असतात, रिपांखाली रबराचे गट्टू. एखादा गट्टू कडक झाला किंवा फळी रिपेपासून सुटली, तर वरून काही दिसत नाही, पण चेंडू तिथे टप्पा खाऊन नीट उठत नाही. आम्ही तिला मुकी जागा म्हणतो. चांगली जमीन टण्ण बोलते. मुकी जागा भद् करते.

त्या दिवशी मी दारात झाडू घेऊन सराव संपायची वाट बघत होतो. एका मुलीचा चेंडू एकाच ठिकाणी सारखा सुटायचा आणि सर तिच्यावर वैतागले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिला काय बोलता, तिथली जमीन मुकी आहे."

सर माझ्याकडे चालत आले. "कोण रे तू?"

"झाडूवाला."

"जागा दाखव."

मी फळी दाखवली. सुतार बोलावून उचलली. खाली सगळं ठाकठीक. सर म्हणाले, "वा." माझे कान लाल झाले. मी म्हणालो, "शेजारची उचला." शेजारच्या फळीखाली गट्टूचा भुगा झाला होता. सर म्हणाले, "तानसेन नाही, पण कानसेन आहेस. एका फळीचा." तेव्हापासून मी कानसेन. आणि माझी लायकी वाढली की ते आठवण करून द्यायचे, "एका फळीचा."

पुढे ती जुनी जमीन काढून नवी घालायची ठरली, तेव्हा सरांनी काम मलाच दिलं. मग आमची रीतच पडली. दर वर्षी सामने सुरू व्हायच्या आधी मी डोळे मिटून सगळ्या जमिनीवर चेंडू आपटत चालायचो, सर मागून खडू घेऊन. मी "इथे" म्हटलं की ते फुली मारायचे. संध्याकाळी त्या फुल्यांवर आमचं भांडण. त्यांना प्रत्येक फुली जास्तीची वाटायची.

ता. ९, रविवार

सकाळी बायकोशी टीव्हीवरून वाजलं. ती म्हणते शेजारी तक्रार करतात. मी म्हणालो, शेजाऱ्यांचे कान कोवळे आहेत. हल्लीच्या बातम्या देणाऱ्या पोरी नाकातून बोलतात, त्याला मी काय करणार.

दुपारी आठवणी लिहायला बसलो. शेवटच्या काही वर्षांत सर फार बदलले होते. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात ते खरं. आधी हा माणूस पाठमोरा चालता चालता हुकूम सोडायचा, आपण मागून पळत जाऊन ते वेचायचे. शेवटी शेवटी मात्र बोलायचं झालं की समोर येऊन उभे राहायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, मग तोंड उघडायचे. एकदा मी म्हणालो, "सर, लग्नाची मागणी घालताय का?" म्हणाले, "तुझ्या बायकोला विचारून सांगतो."

जमीन ऐकण्यातही फरक पडला होता. आधी मागून यायचे, नंतर ते माझ्याबरोबरीनं आणि पुढे पुढे तर एक पाऊल आधीच चालायला लागले. मी डोळे उघडायचो तेव्हा फुली मारून झालेली असायची. मी "इथे" म्हणायच्या आत. इतकी वर्षं माझ्या संगतीत राहून त्यांचा कान असा तयार झाला होता. हे भाषणात सांगायचं. शिष्य गुरूच्या पुढे गेला, असं म्हणून लोकांना हसवायचं आणि मग डोळ्यांत पाणी आणायचं.

मिस्त्रीला हे वाचून दाखवलं. तो रंध्याचं पातं बोटावर तपासत बसला.

ता. ११, मंगळवार

दुरुस्ती संपली. सुटलेल्या फळ्या बसवल्या, जे गट्टू हाताला कडक लागले ते बदलले. आज जमीन ऐकली. सरांशिवाय पहिल्यांदा. मिस्त्रीच्या हातात खडू दिला.

खरं सांगायचं तर पहिल्या रांगेत दोनदा मागे फिरून चेंडू परत आपटला. पण तीन-चार रांगा झाल्या आणि जीव भांड्यात पडला. अख्खी जमीन एका आवाजात बोलत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक म्हणून नाही. इतकी एकजीव जमीन मी आयुष्यात ऐकली नव्हती. म्हटलं, सर बघत असतील तर त्यांना आज भांडायला एक फुली मिळणार नाही.

डोळे उघडले तर मिस्त्री मागे उभा, आणि तोंड असं की चुन्याचं बोट चाटलंय.

"मालक, बोर्डाखाली डाव्या अंगाला भद् वाजतंय."

मी परत गेलो. तीनदा आपटला. तोच आवाज, जो बाकी सगळीकडे. "कुठे भद्?"

"परत आपटा."

"तू आपट."

त्यानं आपटला. "ऐकलंत?"

"ऐकलं. टण्ण."

"मालक, टण्ण नाही हो ते."

"तुझ्या कानात भुसा गेलाय," मी म्हणालो. "जन्मभर रंधा मारून काय होणार. खडू ठेव आणि पॉलिशचे डबे उघड."

त्यानं खडू ठेवला नाही, बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, "थोरलीला एकदा बोलवू का? तिचेही कान..."

"या जमिनीला मी ऐकतो," मी म्हणालो. "पंचायत नको."

दुपारी सेक्रेटरीला कळवलं, जमीन तयार आहे, एकही मुकी जागा नाही, माझा शब्द. तो म्हणाला, "शेठ, तुमचा शब्द आहे म्हणजे आम्ही तपासत नाही." आजवर या शहरात माझ्यामागून कुणी चेंडू आपटून बघितलेला नाही.

ता. १२, बुधवार

पॉलिशचा पहिला हात. मिस्त्री कामापुरतं बोलतो. मीही कामापुरतं ऐकतो.

ता. १५, शनिवार

दुसरा हात वाळला. जमीन अशी चमकते की सेक्रेटरी दारात बूट काढून उभा राहिला. सरांनी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. "नवरी सजवलीस, आता नाचवून बघ."

ता. १८, मंगळवार

आज जे झालं ते धड लिहिता येईल की नाही माहीत नाही.

संध्याकाळी मुलींचा पहिला सराव. नव्या संघाची कोच लंबू. ही सरांच्याच हाताखाली खेळून मोठी झालेली, संघात सर्वांत उंच, म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलं. मी बाकावर बसून बघत होतो. नव्यातली एक पोर डाव्या बाजूनं चेंडू घेऊन बोर्डाकडे धावली. चेंडू खाली गेला आणि वर आलाच नाही. तिचा हात रिकामा, अंग पुढे. समोरून येणाऱ्या मुलीवर आदळली आणि मनगटावर पडली.

लंबूनं तिला उचललं. मनगट डोळ्यांदेखत सुजलं. हाड शाबूत आहे असं नंतर कळलं, पण रविवारी ती खेळत नाही.

माझ्या तोंडून काय निघालं? "नाचता येईना, अंगण वाकडं." लंबूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्ध्यावर थांबलो. तिनं चेंडू उचलला आणि त्याच जागी सोडला. तो गुडघ्यापर्यंत आला. बाजूला सोडला, कमरेपर्यंत. परत तिथे, गुडघ्यापर्यंत.

सेक्रेटरीला कुणीतरी फोन केला होता. तो आला आणि घसा साफ केला. "शेठ, शब्द तुमचाच होता. चादरवाल्यांना परवा माप घ्यायला बोलावतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलं नाही. मिस्त्रीला लावलं. तो हत्यारं गोळा करत होता. सगळ्यांच्या समोर मी त्याला म्हणालो, "ही जागा तू ठोकलीस. एवढी वर्षं माझं मीठ खाल्लंस आणि सरांच्या जमिनीवर हात आखडलास? मला खोटं पाडायला मुद्दाम सोडलीस का?"

मिस्त्रीनं हातोडा खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला, जसा नेहमी ठेवतो तसा, दांडा बाहेरच्या बाजूला. आणि गेला.

जाताना काहीतरी म्हणाला. पाठमोरा होता.

ता. १९, बुधवार

सकाळी एकटाच हॉलमध्ये गेलो. त्या जागी चेंडू आपटत राहिलो. कानाला सगळं ठीक. डोळ्याला ठीक नाही. चेंडू उठत नाही हे दिसतंय, पण जमीन तक्रार करत नाही. डोळे आणि कान यांचं भांडण लागलेलं आणि मी मधे उभा.

मिस्त्रीनं कसलं तरी चिकट भरून आवाज बुजवला असेल, असाही विचार मनात आला. लिहून ठेवतो, कारण तसा विचार आला होता.

तेवढ्यात समोर थोरली उभी. मी दचकलो. "कधी आलीस?"

"मघापासून हाका मारतेय, बाबा."

"कुठून?"

तिनं दाराकडे बोट दाखवलं. दार काही फार लांब नाही.

"हॉलमध्ये घुमतं," मी म्हणालो.

"घुमत नाही," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले. एरवी ही पोरगी लाकडाच्या वखारीत दलालांना रडवते. "दहा वाजता कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. वेळ घेतलीये. याआधी दोनदा घेतली होती, दोनदा मोडली. आज तुम्ही नाही आलात तर मी कमिटीत जाऊन सांगणार."

"काय सांगणार?"

तिनं गाडीची चावी घेतली.

डॉक्टरीणबाईंनी मला एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर टोपणं घातली, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी बराच वेळ बसलो. मधेमधे काही खालच्या पट्टीतले आवाज आले, ते दाबले. मग शांतता. शेवटी मी काचेवर टकटक करून विचारलं, "उरलेलं कधी सुरू करणार?"

त्या म्हणाल्या, "झालं सगळं."

उंच पट्टीतले आवाज गेलेत म्हणे. मोटार ऐकू येते, दार आपटलेलं ऐकू येतं, पण आवाजातली खणखण असते ती नाही. मी विचारलं, "टण्ण आणि भद् यांतला फरक?"

"तुम्हाला दोन्ही सारखेच ऐकू येत असणार."

"कधीपासून?"

"हे हळूहळू जातं. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील."

मी हसलो. "बाई, तुमचं यंत्र बिघडलंय. गेल्याच वर्षी याच जमिनीत मी मुक्या जागा काढल्या, त्याच्या आदल्या वर्षीही. एक चुकली नाही. फळ्या उचलून बघितल्यात."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं खिडकीकडे.

मग त्या जागा कुणी ऐकल्या, हा प्रश्न मी गाडीत विचारला नाही. दुपारी जेवतानाही नाही. चार वाजता चपला घातल्या आणि मिस्त्रीच्या घरी गेलो.

तो दारातच कुणाच्या तरी खिडकीचं तावदान बसवत होता. वर पाहिलं नाही.

"बसू का?" मी विचारलं.

"बसा की. स्टूल माझंच आहे. मोडणार नाही, ठोकलंय नीट."

बसलो. तो खाली मान घालून बोलायला लागला. त्याचे ओठ मिशीत आणि मिशी खिडकीत. मला घोंगावल्यासारखं ऐकू येत होतं. याआधी मी काय केलं असतं ते मला आता कळतं. "हं, हं" म्हणालो असतो.

"वर बघून बोल," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही."

त्याचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनं. आज."

"बरं झालं बुवा," तो म्हणाला. "आम्ही ओरडून ओरडून थकलो."

"आम्ही म्हणजे कोण?"

त्यानं तावदान भिंतीला टेकवलं आणि माझ्या समोर येऊन बसला. अगदी समोर, गुडघ्याला गुडघा. सर समोर यायचे तसा. आणि मग मला जे कळायचं होतं ते तो बोलायच्या आधीच कळलं. तरी त्यानं सांगितलं.

"सर ऐकायचे, मालक. तुम्ही डोळे मिटून आपटायचात, ते ऐकून फुली मारायचे. त्यांचा अंदाज चुकला की मी मागून खोकायचो. तुम्ही मला म्हणायचात, खोकल्याचं औषध घे."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हणालो होतो त्यांना, सांगून टाका. ते म्हणाले, सांगितलं तर तो उद्यापासून चेंडू हातात धरणार नाही. आणि मला आता नव्या माणसाशी भांडायला जमणार नाही." मिस्त्रीनं मिशी पुसली. "दवाखान्यात मला म्हणाले, माझ्यामागे तू बोल. खोकू नको, बोल. मी बोललो होतो, मालक. अकरा तारखेला."

"बोलला होतास."

"कानात भुसा म्हणालात."

"म्हणालो होतो."

बराच वेळ कुणी बोललं नाही. निदान मला तरी ऐकू आलं नाही. मग मी म्हणालो, "उद्या चादरवाले माप घ्यायला येतायत. ये. माझं चुकलं."

"इथे कबूल करून काय उपयोग? इथे माझी बायको आणि ही खिडकी. तुम्ही मला बोललात ते सगळ्या पोरींपुढे."

"म्हणजे?"

"जिथे बोललात तिथेच बोला. मग हातोडा उचलतो."

सरांचा इतका राग मला कधी आला नव्हता. मान राखला म्हणायचं की खेळवलं? त्यांनी एक शब्द टाकला असता तर आज त्या पोरीचं मनगट धड असतं. त्यांना विचारायची सोय नाही. भांडण अर्धवट टाकून गेले.

ता. २०, गुरुवार

चादरवाले दोघं फीत घेऊन वेळेच्या आधीच हजर. एक हॉलच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, मधे सरांची जमीन. सेक्रेटरी, लंबू, सरावाला आलेल्या मुली. जिचं मनगट सुजलं तीही, हात गळ्यात बांधून. मिस्त्री दारात, आत पाऊल न टाकता.

मी मधोमध जाऊन उभा राहिलो. लोकांपुढे बोलायची मला भीती नाही. पण हे बोललो की या धंद्यात माझ्या "इथे"ची किंमत काय राहणार, हे मला नीट माहीत होतं.

म्हणालो, "मुकी जागा मिस्त्रीला सापडली होती. त्यानं मला सांगितलं होतं, पॉलिशच्या आधी. मी त्याला हुसकावलं. परवा तुमच्यासमोर त्याला जे बोललो ते खोटं होतं. आणि ही पोर पडली ती माझ्यामुळे. मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं."

सेक्रेटरीनं घसा साफ केला असावा. गळ्याची घाटी हलली. मग बोलला, पण कागदाकडे बघून. मी म्हणालो, "साहेब, इकडे बघून बोला. मला तोंड दिसायला लागतं."

तो गोंधळला. मान वर करून सावकाश म्हणाला, "शेठ, मग आता विश्वास कुणाच्या शब्दावर ठेवायचा? अजून किती जागा असतील?"

"माझ्या नका ठेवू."

लंबू म्हणाली, "मिस्त्रींच्या." आणि चेंडू माझ्या हातात न देता सरळ दाराकडे टाकला. मिस्त्रीनं झेलला. चपला काढल्या आणि आत आला.

तो आपटत चालला. आमची थोरली मागून खडू घेऊन. मी बाकावर बसलो होतो, हात मांडीखाली दाबून. चादरवाले फीत गुंडाळून बघत राहिले. डाव्या अंगाची ती एक, आणि पलीकडच्या बोर्डाजवळ अजून दोन, ज्या सांगू द्यायच्या आत मी त्या दिवशी त्याला हुसकावलं होतं. तिन्हींना मी अकरा तारखेला एकजीव म्हटलं होतं.

सेक्रेटरीनं घड्याळ पाहिलं. "शनिवार संध्याकाळपर्यंत," तो माझ्याकडे तोंड करून म्हणाला. "शनिवारी लंबू तपासेल. एक जागा जरी राहिली, तर सामना बाहेरच्या मैदानात आणि सोमवारी चादर."

चादरवाल्यांनी जाता जाता कार्ड ठेवलं. बाकावर, माझ्या शेजारीच.

मिस्त्री हातोडा उचलून माझ्यापाशी आला. "आता बसून काय राहिलात? पटाशी घ्या. हात तर धड आहेत ना?"

ता. २२, शनिवार

दोन दिवस गुडघ्यांवर. चमकणारं पॉलिश फोडून फळ्या काढताना वाटलं, स्वतःच्याच पाठीचं कातडं सोलतोय. डाव्या जागी रिप उभी चिरली होती. वरून दिसायचं कारण नव्हतं. बाकी दोन ठिकाणी गट्टू दगड झाले होते, ते हाताला लागलेच नव्हते. सगळं बदललं. परत पॉलिश करायला वेळ नाही, त्यामुळे तीन ठिकाणी कोरं लाकूड. नव्या कोटाला ठिगळं लावल्यासारखं दिसतं.

संध्याकाळी लंबूनं चेंडू घेतला. एकेक फूट. कोऱ्या लाकडावर ती थांबायची, आपटायची, मान तिरकी करायची. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. सरांनी या मुलींना चेहरा कोरा ठेवायला शिकवलं, त्याचा मला आज पहिल्यांदा ताप झाला.

शेवटी सेक्रेटरीला म्हणाली, "उद्या खेळतो आम्ही." मग माझ्याकडे वळून, ओठ नीट हलवत, "काका, पण सामन्याचं वजन वेगळं असतं. दहा जणी एकदम धावल्या की कळेल."

ता. २३, रविवार

हॉल भरला होता. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पहिल्या रांगेत. मी पाच मिनिटांसाठी उठलो तेव्हा खिशात ती कानसेनाची गोष्ट होती, शिष्य गुरूच्या पुढे गेला वगैरे. ती काढली नाही.

पहिलं वाक्य बोललो, "सरांनी मला पाच-सहा वर्षं फसवलं."

सेक्रेटरीची मान ताडकन वर. मग सगळं सांगितलं. पुढे पुढे चालणं, खांद्यावरचा हात, कमिटीतलं "म्हणजे ते म्हणतायत की". मिस्त्रीचा खोकलाही सांगितला. लोक हसत होते की नाही ते तोंडांवरून बघत होतो. बहुतेक हसत होते. म्हणालो, "मला त्यांचा राग आहे. ते असते तर आज संध्याकाळी आमचं मोठं भांडण झालं असतं. ते होणार नाही, याचा जास्त राग आहे." आणि बसलो.

वहिनी वळून काहीतरी म्हणाल्या. मी थोरलीकडे पाहिलं. तिनं माझ्यासमोर येऊन सांगितलं, "म्हणतायत, घरी येऊन माझ्याशी भांडा. त्यांची बाजू मला पाठ आहे."

सामना सुरू झाला. मी आणि मिस्त्री डाव्या बोर्डाजवळच्या बाकावर. दहा जणी धावायला लागल्या आणि बाकाखालून तो थरार पायात आला, पण तो सगळ्या जमिनीचा. त्यातून एक जागा वेगळी काढायला कान लागतात. मी खेळ बघितलाच नाही. मिस्त्रीचं तोंड बघत होतो. तो वाकून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, त्या कोऱ्या लाकडावर डोळे रोवून बसला होता. चेंडू तिथे आला की त्याचा जबडा आवळायचा. मी खुणेनं विचारायचो, तो हात हलवून म्हणायचा, थांबा.

लंबू कोच नव्यांची, पण सरांची जुनी खेळाडू म्हणून जुन्यांकडून खेळत होती. तिनं मुद्दाम केलं की काय माहीत नाही, पण डाव्या अंगानं चेंडू घेऊन ती सरळ त्या जागेवरून गेली. तिच्यामागे दोघी नव्या. जमिनीवर तीन जणींचं वजन एकदम. मी मिस्त्रीचा दंड धरला.

मध्यंतर झालं. त्यानं पुन्हा हात हलवला, थांबा.

दुसऱ्या डावात गुण सारखे झाले. शेवटाला नव्यांतल्या एकीला मोकळी बास्केट मिळाली, आणि तिनं ती घालवली. मिस्त्री ताडकन उभा राहिला. दोन्ही हात वर करून तिला काहीतरी ओरडला, मिशी थरथरत होती. काय ओरडला ते मला कळलं नाही. पण त्याचं जमिनीकडे लक्षच नव्हतं.